पाणीपट्टी आणि वीजबिलाचे पैसे शहराने इतर खर्चाला वापरावेत का?

सातरस्ता (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळणारा विषय मांडतो. शहर आपल्याला पाणी देतं, सांडपाणी वाहून नेतं, मुंबईच्या जुन्या भागात तर वीजही महापालिकेचाच उपक्रम देतो. या सगळ्याची बिलं येतात आणि आपण ती भरतो. सेवेचा खर्च भागून त्यातून पैसे उरले, तर ते रस्ते, दवाखाने, शाळा, बस यांच्याकडे वळवावेत का? की ज्या सेवेसाठी घेतले त्याच सेवेत राहायला हवेत?

बेस्टचं, म्हणजे महापालिकेच्या वीज आणि बस चालवणाऱ्या उपक्रमाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्टची. वर्षानुवर्षं विजेच्या कमाईवर बसचा तोटा भागत आला. वीज नियामक आयोग आल्यावर दर त्याच्या मंजुरीने ठरू लागले आणि मग परिवहन विभागाची तूट वीजग्राहकांकडून वसूल करण्याची गोष्ट उघडपणे दरात आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. गेल्या दशकात आयोगाने ही वसुली थांबवली. आता बसला महापालिका अनुदान देते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात त्यासाठी १,००० कोटी रुपये ठेवले होते.

माझं मत स्पष्ट आहे: वळवू नयेत. शहराला जास्त पैसे हवे असतील तर कर वाढवावा, सभागृहात चर्चा व्हावी, नगरसेवकाने दारात येऊन कारण सांगावं. बिलातून न सांगता घेतलेला पैसा हा करच झाला, आणि त्याला कोणीही हात वर करून मंजुरी दिलेली नसते.

तुमचे अनुभव लिहा. आपापल्या शहराचं काय चाललंय तेही लिहा.

गिरगावकर_मी

सातरस्ता, विषय छान, पण मत पटलं नाही.

बेस्टचा इतिहास बघा. १९०५ साली कंपनी झाली तेव्हा नावातच वीजपुरवठा आणि ट्राम दोन्ही होतं. १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली. १९२६ च्या जुलैत बस आली. ७ ऑगस्ट १९४७ ला सगळा उपक्रम महापालिकेने ताब्यात घेतला, तोही अख्खा. वीज एक धंदा आणि बस दुसरा, अशी फाळणी तेव्हा कोणी केली नव्हती, कारण तो एकच उपक्रम होता. एका हाताने कमवायचं आणि दुसऱ्या हाताने लोकांना स्वस्तात कामावर पोचवायचं, ही त्यामागची धारणा होती.

माझे वडील गिरणीत होते. बसचं तिकीट परवडलं म्हणून ते वेळेवर पाळीला पोचले. विजेच्या बिलात दोन पैसे जास्त गेले असतील, पण बस शहरभर फिरत राहिली. हे पैसे वाया गेले असं मी कधीच म्हणणार नाही.

रेवा_टी

गिरगावकर, वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. पण एक प्रश्न. बेस्टची वीज फक्त शहर भागात. बस मात्र दहिसर, मुलुंड, मानखुर्दपर्यंत, शिवाय ठाणे आणि नवी मुंबईतही. उपनगरातली वीज अदानी किंवा टाटाची, मुलुंड-भांडुपला महावितरणची. मग लालबागच्या चाळीतली बाई बोरिवलीच्या प्रवाशाचं तिकीट भरणार आणि बोरिवलीचा बंगलेवाला काहीच देणार नाही, यात न्याय कुठला?

बस स्वस्त हवीच. मी रोज बसने जाते. पण तिचा भार सगळ्या मुंबईने उचलावा.

सातरस्ता

रेवा, नेमकं हेच. वीजग्राहक एक, प्रवासी दुसरा.

चिंतू_डोंबिवली

धागा वाचता वाचता जुन्या बिलांची फाइल काढून बसलो. आईला वाटलं घर विकायला काढतोय.

निवृत्त_जलखाते

विजेचं तुम्ही बोला, मी पाण्याचं बोलतो. तीस वर्षांवर पाणीखात्यात काढली, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं: तुळशी, विहार, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि मध्य वैतरणा. विहार १८६० चा, तानसा १८९२ चा. मध्य वैतरणा अगदी अलीकडचा, २०१४ चा. शंभर किलोमीटरवरून पाणी आणायचं, भांडुपला शुद्ध करायचं, टेकड्यांवरच्या जलाशयांत चढवायचं आणि तिथून नळाला सोडायचं. यातला बराचसा भाग जमिनीखाली आहे. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मागायला कोणी उभं राहत नाही, आणि तिचे पैसे दुसरीकडे नेले तरी कोणी ओरडत नाही. खरी अडचण इथे आहे.

एक दृश्य सांगतो. जुन्या वस्तीत कमी दाबाच्या तक्रारी येत होत्या. आम्ही रस्ता खोदून सहा इंची बिडाचा पाइप कापला. तुकडा वर काढून उभा केला तर आत तांबूस-तपकिरी गाठींचा थर, गंजाचे फोड एकावर एक. मधून वाट उरली होती जेमतेम दोन इंचांची. हाताने दाबलं तर वरचा थर भुसभुशीत, आतला दगडासारखा. खाली बसलेला आमचा फिटर म्हणाला, "साहेब, यातून पाणी येतंय हेच नवल." त्या गल्लीत लोक पहाटे तीनला उठून पंप लावत होते. पाइप बदलायचा प्रस्ताव आधीच गेलेला होता, निधी नाही म्हणून परत आला होता.

म्हणून माझं म्हणणं असं: पाणीखात्यात "उरलेले पैसे" ही गोष्ट कागदावर असते, जमिनीखाली नसते. जोवर गंजलेले पाइप, जुनी झडपं आणि गळक्या जोडण्या आहेत, तोवर शिल्लक कसली?

मेघा_पुणे

निवृत्त_जलखाते काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना! गाठींचा थर वाचून अंगावर काटा आला.

सीए_बारटक्के

काकांनी जे जमिनीखालचं सांगितलं, ते मी वहीतलं सांगतो.

शिल्लक मोजायची कशी, यावर सगळा वाद अडतो. बहुतेक नगरपालिका वर्षाचा जमा-खर्च मांडतात: पाणीपट्टी इतकी आली, पगार, विजेचं बिल, क्लोरीन आणि दुरुस्ती यावर इतकी गेली, उरली ती शिल्लक. पण त्यात घसारा धरलेला नसतो. समजा १०० कोटींची जलवाहिनी पन्नास वर्षं टिकणार आहे. मग दरवर्षी दोन कोटींची झीज होते. ते दोन कोटी बाजूला काढले नाहीत तर वही शिल्लक दाखवते, प्रत्यक्षात तुम्ही पाइप खात असता. पन्नासाव्या वर्षी पाइप फुटतो आणि मग राज्य सरकारकडे, केंद्राच्या योजनेकडे हात पसरावे लागतात.

मी काही छोट्या नगरपालिकांची लेखापरीक्षणं केली आहेत, नावं सांगणार नाही. एका ठिकाणी पाण्याच्या खात्यातून उचललेली रक्कम "तात्पुरती उसनवार" म्हणून दाखवली होती. पुढच्या वर्षी तीच, त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. परतफेडीची तारीख नाही, व्याज नाही, ठराव नाही. मुख्याधिकारी बदलून गेले, उसनवार तिथेच.

आमच्या आजीकडे किराणा, दूध आणि शाळेची फी असे तीन डबे असायचे. अडीअडचणीला ती एका डब्यातून दुसऱ्यात पैसे घालायची, पण आत चिठ्ठी ठेवायची: "फीमधून वीस घेतले." महापालिकेने निदान ती चिठ्ठी तरी ठेवावी.

गिरगावकर_मी

बारटक्के, पण आजीने वीस रुपये घेतलेच ना! दूध आणायचंच होतं. मीही तेच म्हणतोय.

सीए_बारटक्के

घेतले, आणि महिनाअखेर परत टाकले. ते मी सांगायचं राहिलं. :)

वऱ्हाडी_ठसका

अवांतर: आमच्या आजीच्या डब्यात चिठ्ठी नव्हती, आजोबांना वाचता यायचं म्हणून.

औरंगपुरा_कर

मुंबईकरांनो, तुमचा प्रश्न ऐकून हेवा वाटला. पाण्याचे पैसे उरले तर काय करायचं म्हणे!

आमच्याकडे, छत्रपती संभाजीनगरात, गंगा उलटी वाहते. नाथसागरातून पाणी उपसायचं, फारोळ्याला शुद्ध करायचं, नक्षत्रवाडीला चढवायचं, मग शहरात सोडायचं. पंपांचं विजेचं बिलच एवढं की पाणीपट्टीतून तेही धड निघत नाही. पाणीपट्टी मीटरवर नाही, वर्षाला ठरावीक रक्कम. ती ४,०५० होती, २०२२ मध्ये लोकांच्या संतापामुळे निम्मी केली. संताप रास्तच होता, कारण पाणी आठवड्यातून एकदा येत होतं. पण पट्टी निम्मी झाली म्हणून पंपाचं बिल निम्मं झालं नाही. उरलेलं भरतं कोण? सर्वसाधारण निधी, म्हणजे मालमत्ता कर आणि सरकारी अनुदान. रस्त्याचे पैसे पाण्याला जातात.

घरी आजही ड्रम, टाक्या, बादल्या भरून ठेवायच्या. पाणी येणार त्या दिवशी कोणी गावाला जात नाही, लग्नाचा मुहूर्तही बायका आधी पाण्याच्या वाराशी ताडून बघतात. टँकरला वेगळे पैसे. म्हणजे पट्टी कमी आणि पाणी महाग.

त्यामुळे धागाकर्त्याचा नियम लावायचा तर दोन्ही बाजूंनी लावा. पाण्याचा पैसा बाहेर जायला नको, तसा बाहेरचा पैसाही पाण्यात यायला नको? मग आमच्याकडे पाणीपट्टी किती होईल, आणि ती कोण भरू शकेल?

सातरस्ता

औरंगपुरा_कर, तुमच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर नाही. गरिबाला पाणी मिळावं म्हणून कराचा पैसा पाण्यात घालणं मला मान्य आहे, कारण कर ज्याच्या त्याच्या ऐपतीनुसार बसतो, मोठ्या घराला मोठा. उलटं मात्र नाही. पाणी गरीब-श्रीमंत सगळ्यांना लागतं. खोलीत सहा माणसं राहणाऱ्याचा पाण्याचा खर्च कमाईच्या मानाने श्रीमंतापेक्षा जास्तच असतो. त्या बिलातून शहर चालवायला पैसे काढले तर ओझं त्याच्यावर जास्त पडतं. म्हणून हा रस्ता एकाच दिशेने खुला असावा असं मला वाटतं.

म्युनिकचा_मोरे

जर्मनीत बारा-तेरा वर्षं आहे. इथे बेस्टसारखंच चालतं, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल.

शहराच्या मालकीची कंपनी असते. आमच्या म्युनिकमध्ये तीच वीज देते, गॅस देते, पाणी देते, घरं गरम करायची उष्णता पाइपांतून पुरवते, भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस चालवते, आणि पोहण्याचे तलावही चालवते. वीज-गॅसमध्ये कमाई, वाहतूक आणि तलावांत तोटा. एकाने दुसरा भागवायचा. याला जर्मनीत कायद्याने मान्यता आहे, २००९ च्या करकायद्यात ती लिहून ठेवली आहे. तोटा आणि नफा एकत्र मांडल्याने करही कमी बसतो.

शिवाय वीज कंपनीने रस्त्याखालून तारा टाकायच्या तर शहराला त्याचा मोबदला द्यायचा, तो वेगळा. त्याची कमाल मर्यादा ठरलेली आहे: पाच लाखांहून मोठ्या शहरात घरगुती ग्राहकाला युनिटमागे २.३९ सेंट. आणि बिलावर ती ओळ स्वतंत्र दिसते. माझ्या बिलावर आहे.

पण सार्वजनिक शुल्क म्हणून पाणी आणि सांडपाण्याची आकारणी होते तिथे नियम कडक: खर्चापेक्षा जास्त घ्यायचं नाही. म्हणजे विजेला एक न्याय, पाण्याला दुसरा. मला हा भेद पटतो. वीज कमी वापरता येते, पाण्याला ती सोय फारशी नाही.

एक धोकाही सांगतो. २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा अनेक शहरांच्या कंपन्या अडचणीत आल्या. बस ज्या नफ्यावर चालते तो नफाच डळमळला की बसही डळमळते.

गिरगावकर_मी

मोरेसाहेब, मनापासून आभार. म्हणजे आमची बेस्ट जगावेगळं काही करत नव्हती!

रेवा_टी

पण मोरे, तुमच्याकडे शहराची वीज आणि शहराची बस एकाच लोकांसाठी असते ना? आमच्याकडे वीज अर्ध्याहून कमी शहरात आणि बस सगळीकडे. माझा मूळ आक्षेप तोच आहे.

म्युनिकचा_मोरे

हो, बऱ्याच अंशी तेच लोक. तुमचा मुद्दा बरोबर आहे.

बे_एरिया_काकू

कॅलिफोर्नियातला अनुभव लिहिते, कारण या प्रश्नावर इथे कोर्टकज्जे झाले आहेत.

१९९६ मध्ये मतदारांनी प्रॉपोझिशन २१८ (थेट मतदानाला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) मंजूर केलं. त्यानुसार पाणी, सांडपाणी, कचरा यांचं शुल्क सेवेच्या खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही आणि त्यातला पैसा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. दरवाढ करायची तर प्रत्येक घराला आधी लेखी सूचना, आणि निम्म्याहून अधिकांनी लेखी विरोध केला तर दरवाढ रद्द. आमच्याकडे अशी पत्रं येतात, मी ती वाचते. २०१० मध्ये प्रॉपोझिशन २६ आलं आणि वीज-गॅसवरही बंधन आलं: खर्चापेक्षा जास्त घ्यायचं असेल तर तो कर समजला जाईल आणि कर लोकांनी मत दिल्याशिवाय लावता येणार नाही.

शेजारच्या पालो आल्टोची गोष्ट यात अगदी चपखल बसते. तिथे वीज, गॅस, पाणी सगळं शहराचंच. गॅसच्या कमाईतला हिस्सा शहराच्या सर्वसाधारण निधीत जायचा. कोणीतरी कोर्टात गेलं, शहराला झटका बसला. मग शहराने काय केलं? २०२२ मध्ये सरळ मतदारांपुढे गेलं: गॅसच्या एकूण कमाईच्या १८ टक्क्यांपर्यंत रक्कम आम्ही पोलीस, अग्निशमन, बागा, ग्रंथालयं यांना वापरू का? लोकांनी हो म्हटलं. आता तेच पैसे तिथेच जातात, पण लोकांच्या संमतीने.

मला हे फार आवडलं. सातरस्ता म्हणतात ती मंजुरी मागितली तर लोक देतातही.

टेक्सास_पाटील

काकूंच्या उलट टोक आमच्याकडे. सॅन अँटोनियोची वीज-गॅस कंपनी १९४२ पासून शहराच्या मालकीची. एकूण कमाईच्या १४ टक्क्यांपर्यंत रक्कम शहराला जाते, आणि शहराच्या सर्वसाधारण निधीतला तो फार मोठा स्रोत आहे. त्यामुळे मालमत्ता कर तेवढा कमी. लोकांना माहीत आहे, लपवाछपवी नाही.

खोट एकच. टक्का नफ्यावर नाही, कमाईवर. उन्हाळ्यात एसी चालतात, बिलं फुगतात, शहराला जास्त पैसे मिळतात. वीज वाचवा म्हणून सांगणाऱ्या शहराचीच तिजोरी लोकांनी वीज वाचवली की आटते.

मेघा_पुणे

हा शेवटचा मुद्दा पाण्यालाही लागू! पाण्याच्या विक्रीवर शहराचे रस्ते अवलंबून असतील, तर पाणी वाचवायला शहर मनापासून कशाला सांगेल?

पुण्यात पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, त्यामुळे बहुतेकांना ती किती आहे हेच ठाऊक नसतं. मी माझ्या सोसायटीत विचारलं, चौदा घरांपैकी एकालाही सांगता आलं नाही. २०१७ मध्ये महापालिकेने समान पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. मुंबई शेअर बाजारात घंटा वाजवली गेली, पेपरात फोटो आले. असं कर्ज ज्या कामासाठी उभं केलं, त्याच कामासाठी वाढवलेली पट्टी दुसरीकडे गेली तर ती सरळ फसवणूक आहे. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने.

ॲड_काळे

कायद्याचं थोडं.

शिरूर मठाच्या १९५४ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने कर आणि शुल्क यांत फरक केला आहे: कर सार्वजनिक कामासाठी, त्याच्या बदल्यात अमुक सेवा मिळेलच असं नाही; शुल्क मात्र सेवेच्या मोबदल्यात. पुढच्या निकालांत, विशेषतः ऐंशीच्या दशकात, हे सैल झालं. पैशाला पैसा जुळायला हवा असं नाही, शुल्क आणि सेवा यांचा ढोबळ संबंध असला तरी पुरतो. त्यामुळे कॅलिफोर्नियासारखी पक्की भिंत आपल्याकडे नाही.

विजेबाबत २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ५१ बघा. वितरण कंपनीने दुसरा धंदा केला तर त्यातल्या कमाईचा हिस्सा वहन आकार (तारांवरून वीज नेण्याचे पैसे) कमी करायला वापरावा आणि वितरणाने त्या धंद्याला पोसू नये, असं ते सांगतं. पण कायदा येण्याआधीपासून वीज वाटणाऱ्या स्थानिक प्राधिकरणाला हे कलम लागू नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. म्हणून बेस्टची गोष्ट इतर वीज कंपन्यांहून निराळी ठरते.

पाण्याला तर नियामक आयोग म्हणावा असा दर ठरवणारा तटस्थ पंचच शहरांच्या बाबतीत नाही. दर महापालिकाच ठरवते, पैसे तीच घेते, हिशोबही तीच मांडते. त्यात मुंबईत मार्च २०२२ नंतर कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. मग मंजुरी कोणाची घ्यायची?

चिंतू_डोंबिवली

फाइलमधून महावितरणचं बिल सापडलं. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार... आणि खाली वीज शुल्क १६ टक्के! हे कुठे जातं?

ॲड_काळे

राज्य सरकारच्या तिजोरीत. घरगुतीला १६ टक्के, वाणिज्यिकला २१. महापालिकेला त्यातलं थेट काही नाही. बेस्टच्या ग्राहकालाही ते लागतं.

सातरस्ता

चिंतू, उत्तम प्रश्न. विजेच्या बिलातून सर्वसाधारण खर्चाला पैसे आपण रोजच देतो, शहराला नाही, राज्याला. पण ती ओळ बिलावर छापलेली आहे आणि तिच्यामागे विधिमंडळाचा कायदा आहे. माझा झगडा छापलेल्या ओळीशी नाहीच.

पणजीची_पोर्णिमा

गोव्यात वीज आणि पाणी दोन्ही सरकारी खाती. बिल भरलं की पैसे राज्याच्या तिजोरीत, आणि खर्च अर्थसंकल्पातून. त्यामुळे "वळवणे" हा प्रश्नच वेगळ्या रूपात येतो. २०२१ मध्ये महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत करायची योजना आली. आमच्या इमारतीत लोक मीटर बघायला लागले, गळका नळ त्याच आठवड्यात दुरुस्त झाला. पण पाइपलाइन फुटली की दोन दिवस टँकर, आणि खात्याकडे स्वतःचे पैसे नसतात, मंजुरीची वाट बघावी लागते. खात्याचं स्वतंत्र खातं असतं तर त्या दुरुस्त्या लवकर झाल्या असत्या असं मला वाटतं.

कृष्णाकाठ

मी कराडजवळचा. मलकापूरचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो.

एवढीशी नगरपंचायत, पण चोवीस तास पाणी देऊन दाखवलं, प्रत्येक घराला मीटर बसवून. दर टप्प्याटप्प्याने: कमी वापराल तर स्वस्त, जास्त वापराल तर महाग. पंतप्रधानांचा उत्कृष्ट प्रशासनाचा पुरस्कार मिळाला. माझी मावशी तिथे राहते. आधी तिच्याकडे अंगणात हौद, वर टाकी, मागे पिंपं. नंतर पिंपं गेली आणि तिथे तिने शेवंती लावली. पाणी कधीही येतं म्हटल्यावर साठवायचं कशाला? साठवलेलं शिळं पाणी ओतून देणंही बंद झालं, वापर आपोआप उतरला.

लोक बिल का भरतात? मीटरवर आकडा दिसतो, नळाला पाणी दिसतं. त्या पैशातून उद्या कमान किंवा पुतळा उभारला तर तेच लोक भरायचे थांबतील. वसुली हा विश्वासाचा मामला आहे.

औरंगपुरा_कर

कृष्णाकाठ, हे वाचून आशा वाटली. आमच्याकडे नवी योजना येतेय, बघू. मीटरवर पैसे भरायला मी पहिला उभा राहीन, रोज पाणी द्या.

गिरगावकर_मी

सगळ्यांचं वाचलं. बसबद्दलचं माझं मत कायम आहे, पण एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. बस स्वस्त ठेवायची म्हणून २०१९ मध्ये किमान भाडं आठवरून पाचवर आणलं, आणि मे २०२५ मध्ये ते दहा करावं लागलं, कारण पैसेच नाहीत. आता शहराच्या हातात स्वतःचं असं उरलं काय? मालमत्ता कर वाढवायला कोणी तयार नाही. विजेला, पाण्याला हात लावायचा नाही. मग बस कशावर चालवायची?

सातरस्ता

गिरगावकर, हा या धाग्यातला सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

माझ्या मते शहरं बिलांकडे वळतात तेच मुळी या कारणाने. जकात गेली, मालमत्ता कर निवडणुकीच्या भीतीने गोठला, सरकारी नुकसानभरपाईवर जगायचं. अशा वेळी ज्या खात्यात रोख पैसा नियमित येतो तिकडे हात जातो, आणि ते खातं असतं पाणी किंवा वीज. म्हणजे बिलातून पैसे काढणं हा मूळ दुखण्याचा परिणाम आहे. बसला पैसे द्यायचे तर मोठ्या घरांचा मालमत्ता कर, पार्किंगचं शुल्क, नव्या बांधकामांकडून मिळणारा प्रीमियम हे रस्ते आहेत, आणि ते सगळ्या मुंबईवर पडतील, फक्त कुलाबा ते शीव नाही. मुलुंडच्या माणसानेही बसला हातभार लावावा, रेवाताई म्हणतात तसा.

आणि तरीही शहराला वीज-पाण्यातून काही घ्यायचंच असेल, तर पालो आल्टोसारखं लोकांना विचारून, म्युनिकसारखं बिलावर स्वतंत्र ओळ छापून, आणि काकांचे गंजलेले पाइप बदलण्याचे पैसे आधी बाजूला ठेवून घ्यावं. एवढं होत असेल तर मी विरोधाला उभा राहणार नाही.

गिरगावकर_मी

ओळ छापायला माझीही ना नाही. "बससाठी इतके रुपये" असं लिहिलं तर मी आनंदाने भरीन, आणि शेजाऱ्यालाही सांगेन.

रेवा_टी

+१. पण ओळ सगळ्या मुंबईच्या बिलावर.

वऱ्हाडी_ठसका

दोघांचं एकमत झालं! ॲडमिन, धाग्याला कुलूप नका लावू, पुढच्या पिढीला दाखवायचाय.

मेघा_पुणे

एक प्रश्न राहिला. आपल्या शहराच्या पाण्याचे पैसे कुठे गेले हे सामान्य माणसाने बघायचं कुठे? बारटक्के किंवा जलखाते काका सांगाल का?

निवृत्त_जलखाते

मुंबईत सोपं आहे. महापालिकेच्या अर्थसंकल्पाचे भाग असतात, त्यात "जी" हा पाणी आणि मलनि:सारणाचा. संकेतस्थळावर मिळतो. त्यात आधी जमेची बाजू बघा: पाणी आकार आणि त्याच्या ७० टक्के मलनि:सारण आकार. मग भांडवली खर्च आणि महसुली खर्च वेगळे बघा. शेवटी "इतर निधींकडे" किंवा "तात्पुरते हस्तांतरण" असं काही लिहिलेलं आहे का, आणि मागच्या वर्षीचं परत आलं का, ते शोधा.

सीए_बारटक्के

पुण्यात आणि इतरत्र वार्षिक लेखे मागा, नुसता अर्थसंकल्प नको. अर्थसंकल्प म्हणजे इच्छा, लेखे म्हणजे घडलेलं. लेखापरीक्षण अहवालातले आक्षेप नक्की वाचा, खरी माहिती तिथे असते. संकेतस्थळावर नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा स्टॅम्प लागतो. अर्जात तीन वर्षांची आकडेवारी एकदम मागा, म्हणजे उसनवार परत आली की नाही ते कळेल.

मेघा_पुणे

सोमवारी अर्ज टाकते. उत्तर आलं की इथेच लिहीन. कोणाला आपापल्या शहरासाठी टाकायचा असेल तर मसुदा इथे चिकटवते, नाव-गाव बदलून घ्या.

औरंगपुरा_कर

मसुदा टाका ताई. मी आमच्यासाठी पंपांच्या वीजबिलाचा रकानाही जोडतो.